करंजाच्या तेलाची परीक्षा

"भावोजी, पंप बंद करा!"

माझी मेव्हणी लीला पंपघराच्या दारात उभी होती. ग्रामपंचायतीच्या नळयोजनेचा पंप तेव्हा माझ्याकडे होता आणि सकाळचं पाणी सोडायची ती वेळ होती. मोटरच्या आवाजात मला ऐकू आलं नाही असं वाटून ती पुन्हा ओरडली. मी स्विच पाडला.

"काय झाला?"

"लाँच उलटली. खाडीच्या तोंडार."

"शेवंती?"

"गावली नाय अजून."

शेवंती म्हणजे माझी बायको. पलीकडच्या बंदरात मंगळवारचा बाजार भरतो, त्यासाठी ती पहिल्या लाँचने गेली होती. मी तसाच जेटीवर पळालो. वाचलेली माणसं पायऱ्यांवर बसली होती. कोणी त्यांच्या अंगावर गोणपाट टाकलं होतं. जो तो तेच सांगत होता. लाँच खाडीच्या मध्यावर गेली आणि इंजिन खोकायला लागलं. पांढरा धूर आला. मग इंजिन बंद पडलं. ओहोटी जोरात होती. लाँच वाहत खाडीच्या तोंडाशी गेली, तिथे लाटेला आडवी झाली आणि उलटली. होडीवाल्यांनी माणसं उचलली. दोघं राहिली. एक लाँच चालवणारा सुऱ्या मेतर आणि दुसरी शेवंती. ती सुऱ्याच्या शेजारी इंजिनाकडे वाकून बसली होती, असं एक बाई म्हणाली.

दुपारी सुऱ्या मिळाला. त्याचा बाप भिकूआबा त्याच्या उशाशी बसला होता. मी जवळ गेलो. त्याने वर बघितलं आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "मनोहरा, माझ्या झिलाक तुझ्या बायलेच्या तेलान खाल्ल्यान."

शेवंती तेव्हा अजून पाण्यात होती. ती दुसऱ्या दिवशी सकाळी कांदळवनात मिळाली.

तेलाचं सांगायला पाहिजे. आमच्याकडे खाडीच्या काठाने करंजाची झाडं पुष्कळ. पूर्वी बिया कोणी उचलत नसे. शेवंतीने आणि लीलाने बायकांचा गट केला. एका शिबिरात त्या बायोडिझेल करायला शिकून आल्या. बिया घाण्याला घालायच्या, तेल काढायचं, त्यात मिथेनॉल आणि कॉस्टिक सोडा घालून ते तापवायचं, खाली बसलेला चिकट भाग काढून टाकायचा आणि वरचं धुऊन घ्यायचं. आमच्या मागच्या पडवीत ड्रम होता. दसऱ्यापासून लाँच त्याच तेलावर चालत होती. टाकीत दुसरं काही घालत नव्हते.

सुऱ्या तिला चिडवायचा. "शेवंतीकाकी, तुझ्या तेलाच्या वासान खाडीतले मासे सुदीक पळान गेले."

"तुझ्या जाळ्यात ते तसेय येय नव्हते, मेल्या," ती म्हणायची.

सुऱ्या हसायचा आणि डबा उचलून लाँचवर न्यायचा. दुसऱ्या कुणाला उचलू द्यायचा नाही.

दिवसकार्य होईपर्यंत माझ्या डोक्यात आबाचं एकच वाक्य होतं. शेवंती गेली ती गेलीच. पण तिच्यामुळे सुऱ्या गेला का, हे मला कळायला हवं होतं. गटातल्या बायका पाण्यावर यायच्या बंद झाल्या होत्या. रस्त्यात भेटल्या तर मान खाली घालायच्या. तेराव्याला आमच्या घरी फार कोणी जेवायला थांबलं नाही.

शेवंतीची एक रीत होती. प्रत्येक घाण्याच्या तेलाचा एक छोटा डबा ती वेगळा काढून ठेवायची. तो घेऊन तालुक्याला जायची आणि बशीरभाईंकडून तपासून आणायची. बशीरभाई मुकादमांचं डिझेल पंप आणि नोझल दुरुस्तीचं दुकान होतं. त्यांनी पास केल्याशिवाय तेल लाँचच्या टाकीत जात नसे. शेवटच्या घाण्याचा डबा अजून पडवीत होता. पास झालेला होता, पण त्यात तेल शिल्लक होतं.

लाँच काठावर ओढून ठेवली होती. पोलिसांचा पंचनामा झाल्यावर त्यांना विचारून मी तिचा नोझल काढून घेतला. नोझल म्हणजे इंजिनात तेल फवारणारी तोटी. तो फडक्यात गुंडाळला आणि डबा घेऊन सकाळच्या एसटीत बसलो.

"मनोहरभाऊ, डबो हयसर द्या," ड्रायव्हर म्हणाला. "वहिनी हयसरच ठेवायची. सांडाचा नाय."

त्या जुन्या गाडीत ड्रायव्हरच्या बाजूला इंजिनावरचं बॉनेट असायचं. त्याने डबा बॉनेटवर ठेवला आणि दोरीने बांधला. बांधताना त्याचे डोळे भरले. मी खिडकीबाहेर बघितलं.

दुकानात पोचलो तेव्हा बशीरभाईंनी मला बसवलं, चहा सांगितला. मग म्हणाले, "वहिनी आली की आधी भांडायची. म्हणायची, तुम्ही डिझेलवाल्यांचे मित्र, माझ्या तेलाला मुद्दाम नापास कराल." त्यांनी हात फडक्याला पुसले. "बोला, काय करू?"

"तिच्या तेलाने लाँच बंद पडली का, ते सांगा."

त्यांनी नोझल उघडून साफ केला. खाऱ्या पाण्यात पडला होता, पण सुई जाम झाली नव्हती. मग तो टेस्टरवर चढवला. टेस्टर म्हणजे हाताने दाबायचा एक पंप, त्याला दांडा आणि दाबाचा काटा. आधी त्यांनी दुकानातलं नेहमीचं तेल भरून दांडा दाबला. नोझल करकरला आणि त्याच्या भोकांतून धुक्यासारखा फवारा उडाला.

"नोझल ठीक आहे. आता वहिनीचं भरतो."

"हे कशाला बघतात? म्हणजे फवारा बारीक कशाला लागतो?" मी विचारलं. शेवंतीने कधी सांगितलं असेल, मी लक्ष दिलं नव्हतं.

"इंजिनाला वेळ कुठे असतो, भाऊ? पापणी लवायच्या आत तेल आत गेलं पाहिजे, हवेत मिसळलं पाहिजे, जळलं पाहिजे. बारीक थेंब असला तर जळतो. मोठा असला तर जळायच्या आधी समोर सिलिंडरच्या भिंतीवर जाऊन आपटतो. ओलाच राहतो. मग काय? थोडा पांढरा धूर होऊन बाहेर, बाकीचा खाली इंजिन ऑइलमध्ये. तुमचं करंजाचं तेल डिझेलपेक्षा जाड. दाब तोच, भोक तेच, पण जाड तेल लवकर फुटत नाही. म्हणून तर तपासायचं."

त्यांनी शेवंतीचं तेल भरलं. दांडा दाबला. फवारा उडाला. डिझेलपेक्षा थोडा लांब आणि थोडा अरुंद होता, मलाही दिसलं. पण धुकंच होतं. नोझलच्या टोकाला थेंब लोंबला नाही. बशीरभाईंनी पुन्हा पुन्हा दाबलं. दुसरा नवा नोझल लावून बघितलं. डब्यातलं बरंचसं तेल त्यात गेलं.

"भाऊ, ह्या तेलाने इंजिन बंद पडणार नाही," ते म्हणाले. "मी कुठेही सांगेन."

मी तिथे दुकानात रडलो. ती गेल्यापासून पहिल्यांदा रडलो.

पुढे चौकशीला अधिकारी आले तेव्हा बशीरभाईंनी तसंच सांगितलं आणि सही केली. तेल ठीक, नोझल ठीक. मग राहिलं काय? राहिला सुऱ्या. तो आदल्या रात्री मावसभावाच्या हळदीला गेला होता हे सगळ्यांना माहीत होतं. कोणी म्हणालं प्यायला होता. कोणी म्हणालं इंजिन गरम न करताच त्याने लाँच सोडली. अधिकाऱ्यांनी चालकाचा निष्काळजीपणा असं लिहिलं आणि काम संपवलं.

गटातल्या बायका पुन्हा आमच्याकडे यायला लागल्या. शेवंतीच्या फोटोला हार घालून गेल्या. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं.

आमच्या गावात मोठी गोष्ट असली की ती रवळनाथाच्या देवळात गाऱ्हाणं घालून सांगतात. एकजण देवासमोर उभा राहून बोलतो. त्याच्या प्रत्येक वाक्याला जमलेला गाव "होय म्हाराजा" म्हणतो. गावाने होय म्हटलं की ती गोष्ट गावाची झाली. पुढच्या सोमवारी भिकूआबा देवळात आला. काठी टेकत उभा राहिला.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा! माझ्या तोंडातसून शेवंतीच्या नावान वायट शब्द गेलो."

"होय म्हाराजा!"

"तिची काय एक चूक नाय. चूक माझ्या झिलाची. तो तरुण हुतो, तेका अक्कल नव्हती."

"होय म्हाराजा!"

"तेच्या चुकीन जी काय इडापीडा इली आसात ती दूर कर, आणि तेका पदरात घे."

"होय म्हाराजा!"

मीही म्हणालो. गावाबरोबर मीही होय म्हटलं. आबा माझ्याकडे आला आणि त्याने हात जोडले. ऐंशीच्या घरातला माणूस. मी त्याचे हात खाली केले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत, लाँच उलटली त्या सकाळी होती तशी थंडी पुन्हा पडली. एका पहाटे मी पडवी आवरत होतो. डब्यात राहिलेलं तेल एका बाटलीत भरून ठेवावं म्हणून डबा वाकवला. तेल चटकन आलं नाही. काकवी येते तसं जाड होऊन आलं. उजेडात धरलं तर गढूळ, पांढरट दिसलं. पाणी शिरलं असेल असं आधी वाटलं. मग दुकानातून परत येतानाचं आठवलं. येतानाही डबा बॉनेटवर होता. घरी आलो तेव्हा तो हाताला गरम लागत होता.

शेवंती प्रत्येक वेळी डबा बॉनेटवरच ठेवून न्यायची. प्रत्येक घाण्याचं तेल बशीरभाईंच्या दुकानात गरम होऊन पोचलं होतं. थंड तेल आजपर्यंत कुणी तपासलंच नव्हतं. थंडी येईपर्यंत त्याची गरजही पडली नव्हती.

मी बशीरभाईंकडे जाऊन टेस्टर मागून आणला. कशाला हवा, ते सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही. बाटली रात्रभर जेटीवर ठेवली, जिथे लाँच उभी असायची. सकाळी पहिल्या लाँचच्या वेळेला गेलो. लीलाला बरोबर घेतलं. तेल तिने आणि शेवंतीने मिळून केलं होतं, म्हणून ती असावी असं मला वाटलं.

टेस्टर जेटीच्या कठड्याला बांधला. नोझल खाडीकडे तोंड करून लावला. दांडा दाबला.

करकर झाली नाही. फवारा झाला नाही. पिचकारीतून यावी तशी धार आली आणि पाण्यावर पडली. टोकाला थेंब लोंबत राहिला.

"पुना मारा," लीला म्हणाली.

मी पुन्हा मारला. धार. नोझल पुसला, घट्ट केला, पुन्हा मारला. धार. एकदा तरी धुकं होईल म्हणून मी दाबत राहिलो. खाली भांडं ठेवायचं सुचलं नाही. बाटली रिकामी झाली तेव्हा थांबलो. पाण्यावर तेलाचा तवंग पसरला आणि ओहोटीबरोबर निघून गेला.

लीला पायरीवर बसली. पदर तोंडाशी धरून म्हणाली, "सुऱ्यान ताईक सांगलेला हुता."

"काय सांगलेला?"

"दोन-तीन सकाळी सांगलेला. काकी, थंडीत इंजिन खोकता, थोडा डिझेल घालूया. ताई म्हणाली, बशीरभाईन पास केल्यानी आसा, तुझोच हात थंड आसा." ती रडायला लागली. "तो हसलो, भावोजी. हसलो आणि ताईचाच तेल घातल्यान."

म्हणजे सुऱ्याला कळलं होतं. त्याने सांगितलंही होतं. आणि त्याच्या बापाने गावासमोर उभं राहून त्याची चूक कबूल केली होती.

मी तिथून थेट आबाच्या घरी गेलो. आबा अंगणात जाळं शिवत होता. सगळं सांगितलं. बॉनेटचं, धारेचं, लीला बोलली तेही. त्याने सुई थांबवली नाही.

"आबा, मी काय सांगतंय ता कळला मां?"

"कळला."

"तुझ्या झिलाची चूक नव्हती."

"माका सांगान काय करू?" तो म्हणाला. "माका ठावक हुताच. मी बाप आसंय तेचो. मी जयसर बोललंय थयसर जाऊन सांग."

सोमवारी मी देवळात गेलो. लीलाला सांगितलं होतं, तू पाहिलंस तेवढंच बोल. तीही आली. आबा खांबाला टेकून बसला होता. आरतीनंतर मी पुढे झालो. गाऱ्हाणं मी आयुष्यात कधी घातलं नव्हतं.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा! लाँच बंद पडली ती शेवंतीच्या तेलान."

कोणी बोललं नाही.

"थंडीत ता तेल जाड झाला. इंजिनात त्याचा धुका झाला नाय, धार झाली. सुऱ्याची चूक नव्हती, म्हाराजा."

एकाच्याही तोंडून होय आलं नाही. समई तेवढी जळत होती. एक म्हातारी मागून म्हणाली, "मेल्या माणसाच्या नावान असा बोला नये, मनोहर. लक्ष्मी हुती ती तुझी."

"मी बघलंय. लीलान बघल्यान. लीला, सांग."

सगळे लीलाकडे बघायला लागले. गटातल्या बायका तिच्या बाजूला बसल्या होत्या. लीलाने माझ्याकडे बघितलं नाही. "माका त्यातला काय कळता?" ती म्हणाली. "भावोजींनी कायतरी पाण्यात मारल्यानी. काळोख हुतो."

काळोख नव्हता. सूर्य वर आला होता.

गुरव माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "घरी जा, मनोहरा. झोप घे. तुझा डोक्या ठिकाणार नाय. आमका सगळा समाजता." बाकीचेही उठले. जाताना एकेकाने माझ्या पाठीवर हात फिरवला. कोणी रागावलं नाही. रागावले असते तर पुढे बोलता आलं असतं. शेवटी आबा उठला. त्याने माझा हात धरला आणि आम्ही दोघं उतारावरून खाली आलो. वाटेत तो एवढंच म्हणाला, "तू बोललंस. ऐकूक कोण नाय हुता."

मी बशीरभाईंकडे गेलो, सगळं सांगितलं. त्यांनी बॉनेटचं पुन्हा नीट विचारून घेतलं. "असं होऊ शकतं," ते म्हणाले. "माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण मी जे डोळ्यांनी बघितलं त्यावर सही केली. हे मी बघितलेलं नाही. त्याच घाण्याचं तेल आणा. वाटीभर आणा. मी थंड करून मारतो, आणि धार आली तर तुमच्या देवळात येऊन मी स्वतः सांगतो."

त्या घाण्याचं तेल कुठेच उरलेलं नव्हतं. लाँचच्या टाकीत खारं पाणी शिरलं होतं आणि बाटली मी जेटीवर संपवली होती.

मग मी स्वतः करायला लागलो. बिया गोळा केल्या, घाण्याला घातल्या, शेवंतीच्याच ड्रममध्ये तापवलं. पहिल्या वेळी सगळ्याचा साबण झाला. दुसऱ्या वेळी थोडं सुटलं, पण ते तिचं तेल नव्हतं. लीलाला विचारलं, मिथेनॉल किती घालायचं, किती वेळ ढवळायचं. ती म्हणाली, "ताईच्या अंदाजान व्हायचा. माका नाय ठावक." तिला माहीत होतं. पण गट मोडेल, पोलीस येतील, ताईचं नाव जाईल, हे सगळं तिच्या डोळ्यांत दिसत होतं. मी तिला जास्त विचारलं नाही. पुढे गट तसाही मोडला. लाँच पुन्हा सुरू झाली नाही. नंतर पूल झाला.

आबा त्यानंतर दोन पावसाळे जगला. शेवटी अंथरुणावर असताना मी रोज जाऊन बसायचो. त्याने सुऱ्याचं नाव पुन्हा काढलं नाही, मीही काढलं नाही. पोरं अजून चेष्टेत म्हणतात, पिऊन सुऱ्यासारखी गाडी चालवू नको. त्यांतल्या बऱ्याच जणांनी त्याला बघितलेलंही नाही.

दर थंडीत मी एक घाणा करतो. अजून तिच्यासारखं तेल झालेलं नाही. सुऱ्यावरचा दोष अजून उतरलेला नाही. ते काम राहिलं आहे.